स्वयंपाक कोण करायचं?

शाळेत असताना ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील, त्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेलच. मधोमध टेबल, त्यावर घड्या पडलेली चादर, चादरीवर एक तांब्या, दोन वांगी, एखादं फळ. भोवती गोल करून बसलेली आपण सगळी. आणि आपल्या वाट्याला हमखास अशी जागा, की जिथून वांगं अर्धं तांब्याच्या आड! मला इंटरमिजिएटला सी ग्रेड मिळाली होती. माझ्या तांब्याची डावी आणि उजवी बाजू शेवटपर्यंत एकमेकींशी जुळली नाही.

आई हीच परीक्षा 1967 साली वेंगुर्ल्याच्या शाळेतून ए ग्रेडमध्ये पास झाली होती. त्यानंतर तिने काय काढलं? रांगोळ्या, रुखवतावरचे देखावे, टेबलक्लॉथवर भरायची फुलं आणि आम्हा भावंडांच्या जर्नलमधले बेडूक. रंगांची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. "आईने चित्रकला सोडली" असं आमच्या घरात म्हटलं जायचं. एखाद्याने चहा सोडला म्हणतात ना, तसंच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमची बॉस्टनची भाची (बाईसाहेब हा ब्लॉग वाचतात, तेव्हा जपून लिहितेय). 2025 साली तिने तिथल्या म्युझियममध्ये एका डच चित्रकर्तीचं प्रदर्शन पाहिलं आणि त्याचं जाडजूड पुस्तक आजीसाठी पाठवून दिलं. आई दुपारची झोप सोडून भिंग घेऊन ते बघत बसायला लागली. मी एव्हाना नेटवर बरंच वाचलं होतं. तिच्या शेजारी बसून मी ऐटीत म्हटलं, "बघ आई, या बाईला दहा मुलं होती. दहा! तरी त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत चित्रं काढत राहिली."

आईने भिंग खाली ठेवलं नाही. म्हणाली, "हो का? आणि स्वयंपाक कोण करायचं?"

मी हसले. पण नंतर दोन-तीन महिने तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग तो प्रश्न हातात घेऊनच मी त्या बाईंचं चरित्र पुन्हा वाचलं. त्यातून जे हाती लागलं, ते तुम्हाला सांगते.

बाईंचं नाव राखेल रॉइस. (इंग्रजीतून वाचलं की रेचल होतं.) जन्म 1664, हेग शहरात. ती लहान असतानाच कुटुंब अॅमस्टरडॅमला आलं. वडील फ्रेडरिक रॉइस हे शरीरशास्त्राचे मोठे जाणकार होते आणि पुढे वनस्पतिशास्त्राचेही प्राध्यापक झाले. मेलेले प्राणी आणि माणसांचे अवयव न कुजता टिकवायची त्यांची स्वतःची रीत होती. घरात बरण्याच बरण्या. त्यांत साप, बेडूक, फुलपाखरं, नको त्या वस्तूसुद्धा. आणि त्यांची मांडणी अशी, की पाहणाऱ्याला किळस येऊ नये, विचार यावा. लहान मुलाच्या हाताला लेसची बाही घातलेली असायची! या मांडणीत राखेल वडिलांना मदत करायची असं सांगतात. रशियाच्या पीटर द ग्रेटने 1717 साली हा सगळा संग्रह 30,000 गिल्डर देऊन विकत घेतला आणि सेंट पीटर्सबर्गला नेला.

आईची बाजूही काही कमी नव्हती. आजोबा पीटर पोस्ट हे त्या काळचे नावाजलेले वास्तुविशारद. त्यांचा भाऊ फ्रान्स पोस्ट हा ब्राझीलला जाऊन तिथली निसर्गचित्रं काढून आलेला चित्रकार. म्हणजे 'पोरीने चित्रं काढली तर लोक काय म्हणतील' हा प्रश्न त्या घरात आधीच निकालात निघालेला होता.

आता स्थिरचित्राबद्दल थोडं. डच भाषेत त्याला 'स्टिललेव्हन' म्हणतात, म्हणजे न हलणारं जीवन. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये चित्रं विकत घेणारे मुख्यतः शहरातले व्यापारी आणि कारागीर होते. त्यांना घरातल्या भिंतींवर लावायला फुलं, फळं, पावाचे तुकडे, चांदीचे पेले आवडत. विक्री भरपूर, पण मान कमी. सामुएल व्हान होखस्ट्राटेन नावाच्या चित्रकाराने 1678 साली लिहिलेल्या ग्रंथात स्थिरचित्रं काढणाऱ्यांना कलेच्या सैन्यातले साधे शिपाई म्हटलं आहे. सेनापती कोण, तर पुराणांतले आणि इतिहासातले मोठे प्रसंग रंगवणारे. त्यासाठी मात्र उघड्या मॉडेलवरून माणसाचं शरीर शिकावं लागे, आणि तो वर्ग बायकांना जवळजवळ बंदच होता. तेव्हा चित्रकार व्हायचं असलेल्या मुलीला फुलं जवळची होती याचं कारण फुलांची आवड एवढंच नव्हतं. बाकीची बरीच दारं लागलेली होती.

1679 साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, वडिलांनी राखेलला विलेम व्हान आल्स्ट यांच्याकडे शिकायला ठेवलं. हा गुरू साधासुधा नव्हता. इटलीत फ्लॉरेन्सला मेदिची घराण्यासाठी काम करून आलेला, नाजूक हाताचा आणि महागडा. त्याच्या आधीचे चित्रकार फुलदाणीतली फुलं बहुधा दोन्ही बाजूंना सारखी, गर्दीच्या ग्रुप फोटोसारखी मांडत. व्हान आल्स्टने तोल मुद्दाम एका बाजूला झुकवला. एखादं फूल पाठमोरं ठेवलं, एखादा देठ खाली लोंबू दिला. 1683 साली तो वारला, तोवर राखेल त्याच्याकडे शिकत होती. म्हणजे चार वर्षं!

चार वर्षं काय शिकायचं? रंग कुटणं, तेलात घोटणं, कॅनव्हासला अस्तर लावणं. आधी मंद रंगांत आकार बसवायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर पारदर्शक रंगांचे पातळ थर. एक थर वाळेपर्यंत दुसरा नाही. त्या काळच्या कित्येक फुलांच्या चित्रांत पानं आज निळसर दिसतात. कारण हिरवा रंग मिळवायला निळ्यावर पिवळ्याचा पातळ थर देत आणि तो पिवळा शे-दोनशे वर्षांत उडून गेला. हे वाचल्यावर मला माझी सी ग्रेड जरा सुसह्य वाटली. आम्हाला एका पेपरात, एका बैठकीत, पोस्टर कलरने तांब्या चमकवायचा होता!

तिच्या सुरुवातीच्या चित्रांवर आणखी एकाची छाप दिसते. ओटो मार्सेउस व्हान स्क्रीक नावाचा चित्रकार जंगलातल्या जमिनीची चित्रं काढायचा. अंधारी झाडोरा, अळंबी, साप, पाली, पतंग. हा गृहस्थ कधीकधी खऱ्या फुलपाखराचे पंख ओल्या रंगावर दाबून बसवायचा. विशीतल्या राखेलने अशी काळोखी जंगलं रंगवली आहेत. चित्रं छान आहेत, पण बघताना हे गुरूचं, हे दुसऱ्याचं, आणि हे वडिलांच्या बरण्यांतलं असं वेगळं काढता येतं. प्रत्येक किडा अचूक आणि प्रत्येक किडा जरा सुटा सुटा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत तिची 1685 च्या सुमाराची फुलदाणी आहे. त्यात ती व्हान आल्स्टच्या वळणावरच चालताना दिसते.

आणि गंमत म्हणजे ही फुलदाणी खऱ्या आयुष्यात कधीच भरता येत नाही. ट्यूलिप वसंतातलं, गुलाब उन्हाळ्यातला, आणखी कुठलं त्याच्याही पुढचं. ती सगळी एकाच दिवशी टवटवीत मिळतीलच कशी? चित्रकार ऋतूमागून ऋतू एकेका फुलाचा अभ्यास करून ठेवत आणि मग सगळ्यांना एका चित्रात बोलावत. तिचाच समकालीन यान व्हान हॉइसुम याने तर पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय असं गिऱ्हाइकाला कळवलं होतं. आपल्याकडचा शिंपी "बटणं आली नाहीत हो" म्हणतो, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच, की हॉइसुमला पुढच्या फुलोऱ्यापर्यंत खरोखरच थांबावं लागत होतं.

राखेलकडे मात्र बाग होती. 1685 पासून वडील अॅमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात प्राध्यापक होते. डच व्यापारी कंपन्यांची जहाजं जगभरातून रोपं आणि बिया आणून तिथे उतरवत. त्या जहाजांमागे काय काय होतं हे आपल्या कोकणाला वेगळं सांगायला नको. माझ्या आजोळी, वेंगुर्ल्याला, डच वखारीच्या पडक्या भिंती आहेत. 1637 सालची वखार ती. लहानपणी 'डच' म्हणजे माझ्यासाठी त्या भिंती आणि त्यांच्यावर उगवलेली झाडं, एवढंच होतं. त्याच डच कंपनीच्या मलबारातल्या कारभारात 'हॉर्टस मलबारिकस' हा वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ तयार झाला आणि 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन चक्क नागरी लिपीत छापलेलं आहे! या ग्रंथावर टिपा लिहिणाऱ्यांत यान कोमेलिन होते, आणि राखेलचे वडील जिथे शिकवत त्या उद्यानाच्या संस्थापकांपैकी ते एक. राखेलने तो ग्रंथ पाहिला असं मी म्हणत नाही. पण तिच्या फुलदाणीत दूरच्या खंडांतली झाडं येऊन बसली ती या वाटेने आली. ही वाट आपल्या दारावरून जात होती.

1693 साली राखेलचं लग्न युरियान पोल या व्यक्तिचित्रकाराशी झालं. आणि मग ती दहा मुलं. इथे आपल्या ओळखीची गोष्ट सुरू व्हायला हवी होती. पेटी माळ्यावर, अधूनमधून रांगोळी वगैरे. पण 1700 सालचं तिचं फुलदाणीचं चित्र हेगच्या मॉरित्सहॉइस संग्रहालयात आहे, ते नेटवर मोठं करून जरूर बघा. लग्नाला सात वर्षं झाल्यानंतरचं हे चित्र. इथे गुरूंचे धडे वेगळे काढता येत नाहीत. देठ कुठून निघतो, कुठे वाकतो, कुठल्या पानामागे अंधारात जातो, ते सगळं एका लयीत आहे. किडे आहेत, पण ते आता दाखवण्यासाठी ठेवलेले वाटत नाहीत, कुठून तरी येऊन बसल्यासारखे वाटतात. पुढच्याच वर्षी, 1701 साली, हेगच्या चित्रकारांच्या संघाने तिला सभासद करून घेतलं. त्या संघातली ती पहिली बाई.

1708 मध्ये ड्युसेलडॉर्फचा राजा (खरं तर इलेक्टर, पण आपण राजाच म्हणू) योहान विल्हेल्म याने तिला दरबारी चित्रकार नेमलं. अट मोठी सोयीची होती. घर अॅमस्टरडॅमलाच ठेवायचं आणि चित्रं पाठवायची. आजच्या भाषेत वर्क फ्रॉम होम! 1711 साली तिने फळांचं एक चित्र केलं. द्राक्षं, पीच, कणसं, अंडी असलेलं घरटं, त्याच्याजवळ सरडा. विशीतली ती जंगलाची जमीन इथे परत आली आहे. पण आता त्या अंधारात उजेड खेळतो आणि फळं पिकल्याचा वास यावा असं वाटतं. राजाची बायको मेदिची घराण्यातली, त्यामुळे हे चित्र भेट म्हणून फ्लॉरेन्सला गेलं. आज ते उफ्फिझीत आहे. आणि त्याच 1711 साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, राखेलला शेवटचा मुलगा झाला. राजा त्याचा धर्मपिता, म्हणून मुलाचं नाव यान विलेम.

इथे मला आईचा प्रश्न आठवला. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दहावं बाळंतपण, आणि त्याच वर्षी द्राक्षाच्या एकेका मण्यावरची लव. हे कसं जमलं?

जिद्द होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण जिद्दीच्या खाली काय काय होतं ते मी एका कागदावर लिहून काढलं, किराण्याच्या यादीसारखं. पंधराव्या वर्षी फी भरून मुलीला शिकायला पाठवणारे वडील. चार वर्षांचं शिक्षण, परीक्षेपुरतं नव्हे, धंद्यासाठी. नवरा चित्रकार, म्हणजे वाळत ठेवलेल्या कॅनव्हासला हात लावू नये हे ज्याला सांगावं लागत नाही असा. अॅमस्टरडॅमच्या अशा सुखवस्तू घरांत मोलकरणी असतच. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पैसा. तिच्या एका चित्राला 750 ते 1200 गिल्डर मिळत. रेम्ब्रांटला त्याच्या हयातीत एका चित्राचे 500 च्या वर क्वचितच मिळाले. घरातल्या ज्या कामातून एवढं उत्पन्न येतं, त्या कामाला कुणी छंद म्हणत नाही. त्या वेळात तिला हाक मारून "जरा भाजी बघतेस का" असं कोण म्हणणार?

या यादीची दुसरी बाजू त्याच घरात होती. राखेलची धाकटी बहीण आना हीसुद्धा फुलं रंगवायची, आणि सुरेख रंगवायची. वडील तेच, घर तेच, बरण्या त्याच. 1688 साली तिचं लग्न एका रंगांच्या व्यापाऱ्याशी झालं. म्हणजे घरात रंगांची ददात नव्हती! पण आनाची म्हणून ओळखता येणारी चित्रं आज फार थोडी आहेत. ती 1754 पर्यंत जगली, बहिणीपेक्षाही जास्त. आनाने चित्रकला सोडली असं कुणी लिहिलं, तर आता मी ते वाक्य जरा थांबून वाचेन.

राखेलची पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. 1716 साली तो राजा वारला आणि दरबारी नेमणूक संपली. त्याच वर्षीचं तिचं एक लहान चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. संगमरवरावर फुलं, आणि पसारा आटोपशीर. पुढे त्या घराला लॉटरीचं मोठं बक्षीस लागलं (हो, खरोखर) आणि त्यानंतर बरीच वर्षं तिने फारसं काही केलं नाही. मलाही वाटलं, झालं, इथे संपलं. पण नाही! सत्तरीनंतर ती पुन्हा बसलेली दिसते. 1745 मध्ये नवरा गेला. 1747 मध्ये तिने फुलांची दोन छोटी चित्रं केली आणि सहीबरोबर स्वतःचं वय घातलं, 83. 1750 मध्ये ती गेली. त्याच वर्षी अकरा कवींनी तिच्या कौतुकात लिहिलेल्या कवितांचं पुस्तक निघालं. त्यानंतर मोठं असं स्वतंत्र प्रदर्शन भरायला मात्र 2024 उजाडावं लागलं. आधी म्युनिक, मग टोलेडो, मग बॉस्टन.

चित्रकार वाढला म्हणजे त्याने विषय बदलले, शैली बदलली, बंड केलं, असं आपण सहसा समजतो. हिने जवळजवळ सत्तर वर्षं फुलं, फळं आणि किडेच काढले. आधी दुसऱ्यांचे धडे गिरवले, मग ते अंगात मुरले, मग चित्रात सगळं जग गोळा केलं, आणि शेवटी त्यातलं थोडंच उचलून छोट्या चित्रात ठेवलं. अशी वाढ फार सावकाश होते. त्यासाठी लागतो तो रोजचा, आपला म्हणून राखलेला वेळ. तो तिला कुणाकुणाच्या मदतीने मिळाला. माझ्या आईला नाही मिळाला. मी मात्र इतकी वर्षं त्याला 'सोडणं' म्हणत आले.

हे सगळं मी आईला सांगितलं. यादीसुद्धा वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि पुस्तकातलं एक पान माझ्यापुढे केलं. "हे पान बघ. कीड लागून भोक पडलंय, आणि त्या भोकातून मागचं फूल दिसतंय. आम्हाला शाळेत पान नेहमी अख्खंच काढायला लावायचे." हे मला दिसलंच नव्हतं. इतके दिवस मी तारखा वाचत होते आणि ती चित्रं बघत होती.

माळ्यावरची पेटी काढून पाहिली. ट्यूबा दगड झाल्या होत्या. नवे रंग आणले. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे तिला संध्याकाळी चार ते सहाचा खिडकीतला उजेड बरा पडतो. गेला महिनाभर ती एकच चित्र करतेय. पितळी तांब्या आणि दोन वांगी. वांगी दर चार दिवसांनी नवी आणावी लागतात (जुन्यांचं भरीत). सावली चुकली म्हणून परवा तिने अर्धं चित्र पुसलं. ते पूर्ण कधी होईल ते मी विचारत नाही.

संध्याकाळचा स्वयंपाक सध्या मी करते.